इतिहासाची जीटी

इंजिनिअरिंगला आल्यावर काही गोष्टी कुणी न शिकवता येतात. त्यातली पहिली म्हणजे जीटी! ज्यांना अजून माहीत नाही अशा एफ.ई.च्या निष्पाप बालकांसाठी सांगतो. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. खाली बल्ब, वर काच, काचेवर सिनियरची शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. रात्रभर रेघेवर रेघ मारत राहायची की सकाळी सबमिशन तयार. डोकं लावायची गरज नाही.

पण जीटीची एक गंमत असते. सिनियरनं एखादी हिडन लाइन चुकून सलग काढली असेल तर ती आपल्याही शीटवर तशीच येते आणि आपल्या ज्युनियरच्या शीटवरही तशीच जाते. चार-पाच बॅचेस गेल्या की त्या चुकीला परंपरेचा मान मिळतो. मूळ ऑब्जेक्ट कुणी बघितलेलाच नसतो. आणि ओरलला सरांनी "ही लाइन इथे कशी आली रे?" असं विचारलं की सगळी बॅच एकाच चेहऱ्यानं छताकडे बघते!

मित्रांनो, माझं स्पष्ट मत असं आहे की आपण इतिहास शिकतो तो बहुतेक वेळा जीटी मारूनच. आजोबांची शीट वडिलांनी ट्रेस केली, वडिलांची आपण. शत्रू कोण, मित्र कोण, कुणी कुणाचा विश्वासघात केला, सगळं आयतं मिळतं. फक्त आपल्याकडेच असं आहे असं नाही, जगभर असंच आहे. पण युरोपातल्या काही पोरांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत ही काच बाजूला सारायचा उद्योग केला. तो कितपत जमला आणि त्यातून आपण काही घ्यावं का, याबद्दल हा लेख.

तुम्ही म्हणाल, मेकॅनिकलच्या पोराला हे नसते धंदे कुणी सांगितले? सांगतो. आपल्या कॉलेजातल्या निम्म्या पब्लिकसारखं मलाही एम.एस.साठी जर्मनीला जायचंय, म्हणून मी जर्मनचा क्लास लावला. 'डेअर, डी, डास' पाठ करता करता एक दिवस मॅडमनी फ्रान्स आणि जर्मनीच्या तरुणांच्या एक्सचेंजबद्दल सांगितलं. माझा पहिला प्रश्न होता, "मॅडम, स्टायपेंड मिळतो का?" दुसरा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. हे दोन देश तर एकमेकांच्या जिवावर उठलेले होते ना? मग हे जमलं कसं?

जरा तारखा बघा. १८७०-७१, १९१४-१८, १९३९-४५. पाऊणशे वर्षांत तीन युद्धं! या दोन देशांच्या मधोमध अल्सास नावाचा प्रांत आहे. तो १८७१ मध्ये जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीनं घेतला आणि १९४५ पर्यंत परत फ्रान्सचा झाला. म्हणजे १८७० साली स्ट्रासबुर्गमध्ये जन्मलेली एखादी आजी पंच्याहत्तर वर्षं जगली असेल तर तिनं घराचा उंबरा न ओलांडता चार वेळा देश बदलला. जर्मन भाषेत यासाठी एक खास शब्दच होता, 'एर्बफाइंड'. म्हणजे वारसाहक्कानं मिळालेला शत्रू! आपल्याकडे भाऊबंदकीच्या केसेस असतात ना, आजोबांनी बांधावरून घातलेली आणि नातू अजून तारखांना जातोय, तसलाच प्रकार. फरक एवढाच की इथे तारखांना जाणारा नातू परत येत नव्हता.

व्हर्दंचं उदाहरण घ्या. १९१६ साली या एका ठिकाणी फ्रेंच आणि जर्मन सैन्य जवळजवळ तीनशे दिवस लढत होतं. दोन्हीकडची मिळून सुमारे तीन लाख माणसं मेली. तिथे दुओमोंला एक मोठी अस्थिशाळा आहे. ओळख न पटलेल्या सुमारे १,३०,००० सैनिकांची हाडं तिथे एकत्र ठेवलेली आहेत. फ्रेंच कुठली, जर्मन कुठली, हे आता कुणीही सांगू शकत नाही. माझ्या मते 'सामायिक इतिहास' या शब्दाचा याहून सरळ अर्थ दुसरा नसेल.

आता खरी गोष्ट. १९५३ साल. महायुद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झालेली. बेल्जियममधल्या लोमेल या गावी वेगवेगळ्या देशांतली तरुण मुलं जमली आणि कुदळ-फावडी घेऊन काम करू लागली. काम काय, तर जर्मन सैनिकांचं कब्रस्तान नीट करायचं! तिथे सुमारे ३९,००० जर्मन सैनिक पुरलेले आहेत. बेल्जियमवर जर्मनीनं १९१४ मध्ये हल्ला केला होता आणि १९४० मध्ये पुन्हा. त्या देशाच्या जमिनीवर, त्या जर्मनांच्या कबरी, आणि बाहेरून आलेली पोरं माती उचलतायत. जर्मन युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या 'फोल्क्सबुंड' या संस्थेच्या अशा शिबिरांची ही सुरुवात. ही शिबिरं पुढे अनेक देशांत भरत गेली. त्यांचं घोषवाक्य होतं, 'कबरींवरून समेट'.

मला यात आवडलेली गोष्ट म्हणजे भाषण कमी आणि हातानं काम जास्त. आपण एन.एस.एस.च्या कॅम्पला जातो तेव्हा पहिल्या दिवशी वेगवेगळ्या ब्रँचचे ग्रुप वेगवेगळे बसतात. तिसऱ्या दिवशी बंधाऱ्याचे दगड उचलून पाठ मोडली की कोण कॉम्प्युटरचा आणि कोण सिव्हिलचा हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. तसंच काहीसं तिकडेही होत असणार.

मग सरकारं जागी झाली. २२ जानेवारी १९६३ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी पॅरिसमध्ये एलिझे करारावर सह्या केल्या. त्याच वर्षी दोन्ही देशांनी मिळून एक युवक कार्यालय सुरू केलं. शाळांची देवाणघेवाण, भाषेचे वर्ग, उन्हाळी कामं, शिबिरं... तेव्हापासून ९० लाखांहून अधिक तरुणांनी त्यात भाग घेतलाय. आपल्याला ज्याचं नाव जास्त माहीत असतं ते 'इरॅस्मस' त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८७ मध्ये आलं. पहिल्या वर्षी त्यात फक्त ३,२४४ विद्यार्थी होते.

इथपर्यंत सगळं गोड गोड आहे. पण मला सगळ्यात भारी वाटतो तो २००३ चा किस्सा. एलिझे कराराला चाळीस वर्षं झाली म्हणून बर्लिनमध्ये दोन्ही देशांतल्या सुमारे पाचशे विद्यार्थ्यांची 'युवा संसद' भरवली होती. आता अशा कार्यक्रमांत काय होतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे. ठराव होतात, टाळ्या होतात, ग्रुप फोटो होतो आणि सगळे नाश्त्याला जातात. पण या पोरांनी एक फार अवघड मागणी केली. म्हणाले, आम्हाला दोन्ही देशांत एकच इतिहासाचं पुस्तक द्या. शब्दाला शब्द तेच, फक्त भाषा वेगळी!

आणि पुस्तक खरोखर झालं. पहिला भाग २००६ मध्ये आला, १९४५ नंतरच्या जगाबद्दलचा. दुसरा २००८ मध्ये, १८१५ च्या व्हिएन्ना काँग्रेसपासून १९४५ पर्यंतचा. तिसरा २०११ मध्ये, प्राचीन काळापासून नेपोलियनपर्यंतचा. एक प्रकाशक जर्मन आणि एक फ्रेंच. लिहिणारेही दोन्हीकडचे, एकाच टेबलावर बसून. जिथे पटलं नाही तिथे दोन्ही बाजूंच्या नजरा शेजारी शेजारी मांडल्या.

गंमत अशी की भांडणं झाली ती बहुतेकांना वाटलं होतं त्या मुद्द्यावर नाही. आपल्याला वाटेल, महायुद्धाच्या प्रकरणावर टेबलं उलटली असतील. तिथे तर बरंचसं एकमत आधीच झालेलं होतं. घोळ झाला तो १९४५ नंतरच्या अमेरिकेबद्दल काय लिहायचं आणि कम्युनिझमबद्दल काय लिहायचं, यावर. पश्चिम जर्मनीला अमेरिका म्हणजे आधार वाटलेली. फ्रान्सला तीच अमेरिका जरा जास्तच दादागिरी करणारी वाटलेली. फ्रान्समध्ये कम्युनिस्ट पक्ष म्हणजे नाझींविरुद्ध लढलेला मोठा पक्ष. जर्मनांना कम्युनिझम म्हटलं की बर्लिनची भिंत आठवणार. म्हणजे जखम नेमकी कुठे आहे हे समोरचा शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. एकट्यानं लिहायला बसलो तर आपण उगाच दुसरीकडेच पट्टी बांधत बसतो.

इथे मला आपलं इंजिनिअरिंग ड्रॉइंग आठवतं. (शेवटी आठवलंच!) एकच व्ह्यू दिला तर ऑब्जेक्ट कळतो का? फ्रंट व्ह्यूमध्ये आयत दिसतो, पण तो ठोकळा आहे, सिलिंडर आहे की प्रिझम आहे हे टॉप व्ह्यू बघितल्याशिवाय कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. पण म्हणून आपण असं म्हणत नाही की "फ्रंट व्ह्यूवाल्याचं त्याच्या परीनं खरं, टॉप व्ह्यूवाल्याचं त्याच्या परीनं खरं." ऑब्जेक्ट एकच असतो! दोन व्ह्यू घ्यायचे ते तो एक ऑब्जेक्ट नक्की करण्यासाठी. आणि दोन व्ह्यूंची प्रोजेक्शन्स एकमेकांशी जुळत नसतील तर कुणाचं तरी शीट चुकलंय, हे नक्की.

हा मुद्दा मी मुद्दाम ठासून सांगतोय. कारण अशा प्रोजेक्ट्सवर सगळ्यात मोठा आक्षेप तोच आहे. "दोन्ही बाजू समजून घ्या" म्हणता म्हणता मारणारा आणि मरणारा एकाच पारड्यात बसतात, असं लोक म्हणतात. आक्षेप बिनबुडाचा नाही. ऑशविट्झमध्ये काय झालं याचे दोन व्ह्यू असू शकत नाहीत. तिथे अकरा लाखांच्या आसपास माणसं मारली गेली आणि कुणी मारली तेही माहीत आहे. जर्मन आणि पोलिश मुलं ऑशविट्झजवळच्या युवक केंद्रात एकत्र येतात (ते केंद्र १९८६ पासून आहे) तेव्हा ती "फिफ्टी-फिफ्टी" करायला येत नाहीत. जर्मन मुलाला ती गोष्ट पोलिश मुलाच्या शेजारी उभं राहून बघावी लागते, एवढंच. पण ते 'एवढंच' फार मोठं आहे.

पोलंडचं प्रकरण तर अजून अवघड होतं. १९७२ मध्ये युनेस्कोच्या छत्राखाली जर्मन-पोलिश पाठ्यपुस्तक आयोग बसला. १९७६ मध्ये त्यांनी शिफारशी काढल्या. पण पोलंडमध्ये तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती. त्यामुळे १९३९ च्या हिटलर-स्टालिन करारातली गुप्त कलमं आणि कातिनच्या जंगलात सोव्हिएत पोलिसांनी केलेली पोलिश अधिकाऱ्यांची कत्तल, यावर त्या शिफारशी गप्प राहिल्या. राजवट १९८९ मध्ये गेली. पुढे दोन्ही देशांचं मिळून पाठ्यपुस्तक निघालं, त्याचा पहिला भाग २०१६ मध्ये आणि चौथा २०२० मध्ये. हिशेब करा. आयोग बसल्यापासून शेवटचा भाग हातात पडेपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षं! आपल्याकडे चार वर्षांची डिग्री सहा वर्षांत झाली तर घरचे तोंड दाखवू देत नाहीत.

बाल्कनमध्ये वेगळीच शक्कल लढवली गेली. १९९० च्या दशकात युगोस्लाव्हिया फुटला आणि शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं. तिथे एकच सलग गोष्ट लिहायला कोण तयार होणार? मग ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी इथल्या एका केंद्राच्या पुढाकारानं त्या भागातल्या इतिहासकारांनी २००५ मध्ये चार वर्कबुक्स काढली. त्यात सलग गोष्टच नाही! एकाच घटनेबद्दल वेगवेगळ्या बाजूंची मूळ कागदपत्रं, पत्रं, बातम्या, चित्रं आणि खाली प्रश्न. विद्यार्थ्यानं स्वतः वाचायचं आणि स्वतः ठरवायचं. म्हणजे काच, बल्ब, सिनियरची शीट सगळं काढून घेतलं आणि ऑब्जेक्टच टेबलावर आणून ठेवला. घे, मोज आता!

आता दुसरा आक्षेप. "हे सगळं सरकारी पैशानं केलेलं पिकनिक आहे रे! पोरं जातात, बिअर पितात, फोटो काढतात आणि परत येतात." माझ्या मावसभावानं मला हेच ऐकवलं. तो आखेनला शिकतो. शहराच्या कडेलाच जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सीमा एका दगडापाशी मिळतात. त्याच्या मते तिथली पोरं त्या दगडाभोवती सेल्फी काढतात आणि इतिहास-बितिहास कुणाच्या डोक्यात नसतो. त्याचं म्हणणं मी अर्धं मान्य करतो. ते फ्रेंच-जर्मन पुस्तकसुद्धा मुख्यतः दोन भाषांत शिकवणाऱ्या वर्गांपुरतंच राहिलं. जर्मनीत सोळा राज्यं आणि प्रत्येकाचा सिलॅबस वेगळा, त्यात हे पुस्तक बसवणार कुठे? २०१६ मध्ये व्हर्दंच्या शताब्दीला दोन्ही देशांतली हजारो पोरं दुओमोंच्या कबरींमधून धावत जातील असा कार्यक्रम बसवला होता. त्यावर फ्रान्समध्ये टीका झाली, की कबरींमध्ये काय धावताय? मलाही तो प्रकार गॅदरिंगच्या ओपनिंग डान्ससारखाच वाटतो.

पण हे सगळं नुसतं पिकनिक असतं तर त्यावर कुणी इतकं चिडलं असतं का?

१९७३ पासून जर्मनीत राष्ट्राध्यक्षांच्या नावानं शालेय मुलांची इतिहास स्पर्धा होते. आपल्या गावाचा इतिहास स्वतः शोधायचा. पासाउ गावातल्या आना रोसमुस या मुलीनं १९८० च्या सुमारास याच स्पर्धेसाठी आपलं गाव नाझी काळात कसं वागलं हे शोधायला घेतलं. तिला वाटलं होतं, गावानं विरोध केला असेल. कागदपत्रं उघडायला लागली तसं वेगळंच निघायला लागलं. मग फायली मिळेनात, धमक्या आल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. तिनं सोडलं नाही आणि पुस्तक काढलं. तिच्या गोष्टीवरून १९९० मध्ये निघालेल्या जर्मन चित्रपटाला ऑस्करचं नामांकनही मिळालं. म्हणजे जर्मन लोक जन्मतःच प्रामाणिक आहेत वगैरे काही नाही. शाळकरी पोरीनं खोदलं म्हणून निघालं.

२००१ मध्ये हांबुर्गच्या एका फाउंडेशननं अशा स्पर्धांचं 'युस्टोरी' नावाचं जाळं उभं केलं. त्यात पुढे वीसहून अधिक देश आले. रशियातली स्पर्धा 'मेमोरियल' ही संस्था घ्यायची, स्टालिनच्या काळात मारल्या गेलेल्या लोकांची नावं जपणारी संस्था. एप्रिल २०१६ मध्ये मॉस्कोत बक्षीस समारंभाला गावोगावची शाळकरी मुलं आली तेव्हा दारात जमावानं पाहुण्यांवर अंडी आणि हिरवा रंग फेकला. प्रसिद्ध लेखिका ल्युडमिला उलित्स्काया यांच्याही तोंडावर तो उडाला. डिसेंबर २०२१ मध्ये रशियन कोर्टानं संस्थाच बंद करायचा हुकूम दिला. दोन महिन्यांत, फेब्रुवारी २०२२ मध्ये, युक्रेनवर हल्ला झाला. त्याच वर्षी 'मेमोरियल'ला शांततेचं नोबेल विभागून मिळालं.

अजून एक किस्सा, आणि हा मला सगळ्यात जास्त टोचतो. जर्मनीतल्या कासेलची एक शाळा आणि सैबेरियातल्या नोव्ही उरेन्गोय गावची एक शाळा यांचा एकत्र प्रोजेक्ट होता. जर्मन मुलांनी जर्मनीत मेलेल्या सोव्हिएत युद्धकैद्यांचा शोध घ्यायचा, रशियन मुलांनी रशियात मेलेल्या जर्मन कैद्यांचा. १९ नोव्हेंबर २०१७ रोजी ती मुलं जर्मन संसदेत बोलली. रशियन शाळकरी मुलानं स्टालिनग्राडला पकडल्या गेलेल्या आणि कैदेत मेलेल्या एका जर्मन सैनिकाबद्दल सांगितलं. बोलता बोलता म्हणाला, की ज्यांच्या कबरी मी पाहिल्या त्यातले कित्येक निरपराध होते, त्यांना लढायचं नव्हतं. झालं! रशियात एकच गदारोळ. मुलाची, त्याच्या शाळेची चौकशी करा अशा मागण्या झाल्या. शेवटी क्रेमलिनच्या प्रवक्त्यालाच सांगावं लागलं, की पोराच्या मागे एवढं लागू नका.

आता माझं मत. 'निरपराध' हा शब्द मलाही पटत नाही. सोव्हिएत संघाची त्या युद्धात सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. जर्मनांच्या कैदेत तीस लाखांच्या आसपास सोव्हिएत सैनिक उपासमारीनं, थंडीनं, गोळ्यांनी मेले. ज्या आजीचे दोन भाऊ त्यात गेले तिला हा शब्द ऐकून राग आला तर ती चुकीची नाही. पण त्या रागाला उत्तर काय? पोराला सांगायचं, "बाळा, हा शब्द तपासून बघ. तो सैनिक तिथे पोचला कसा, त्याच्या तुकडीनं वाटेत काय केलं, तेही शोध." यालाच शिकणं म्हणतात. पोलिसात द्यायची भाषा म्हणजे शीट फाडून टाकणं.

यातून मला एकच कळतं. ज्यांना लोकांकडून जीटीच मारून घ्यायची असते ते तोफांना घाबरत नाहीत, पण वही घेऊन प्रश्न विचारणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराला घाबरतात.

तिसरा आक्षेप आपला, भारतीय. "युरोपवाले आपापसात गळ्यात गळे घालतायत, पण ते जगभर जाऊन जे करून आले त्याचं काय?" अगदी रास्त. आणि हा सामायिक इतिहास फक्त त्यांचा नाहीच. फ्रान्समध्ये न्यूव्ह-शापेल इथे भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, १९२७ साली उभारलेलं. पहिल्या महायुद्धात तिकडे मेलेल्या आणि कबरही न मिळालेल्या ४,७०० हून अधिक जणांची नावं त्यावर आहेत. दुसऱ्या महायुद्धात इटलीत तर आपली मराठा पलटणच होती. रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनवर एकट्यानं चालून गेले आणि तिथेच पडले. वय बावीस. आपल्या बी.ई.च्या पोरांएवढं! नगर जिल्ह्याचे शिपाई नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर जखमी साथीदारांना गोळीबारातून उचलून आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या साम्राज्यानं आपल्याला गुलामीत ठेवलं त्याच्याच बाजूनं, दुसऱ्याच एका हुकूमशाहीविरुद्ध, तिसऱ्याच देशात! हे एका व्ह्यूमध्ये बसवून दाखवा बघू. 'शूर वीर' एवढंच म्हणून भागत नाही आणि 'इंग्रजांचे पगारी शिपाई' म्हणूनही भागत नाही.

मी हॉस्टेलवर विचारून बघितलं. अकरा जणांपैकी एकाला घाडग्यांचं नाव माहीत होतं, तोही माणगावचाच, येता-जाता पुतळा बघितलेला. पण इटलीतल्या मोंतोने या छोट्याशा गावानं जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलंय. त्या गावच्या पोरांना आपला माणूस माहीत असेल आणि आपल्याला नसेल, तर मग विषय संपला!

म्हणूनच या लेखाच्या शेवटी उपदेश न करता थोडं काम सुचवतो. आपल्यातले पुष्कळ जण जर्मनीला, फ्रान्सला जातील. तिकडे गेल्यावर फक्त पार्टटाइम जॉब आणि स्वस्त चिकन कुठे मिळतं एवढंच शोधू नका. सुट्टीत एखाद्या युद्धकबरींच्या शिबिराला जा, खोरं हातात घ्या, शेजारच्या पोलिश किंवा फ्रेंच पोराला विचारा की तुझ्या आजीनं तुला काय सांगितलं. आणि तो तुम्हाला विचारेल तेव्हा सांगायला आपल्याकडेही काहीतरी हवं.

त्यासाठी तिकडे जायचीही गरज नाही. प्रत्येकाच्या गावात, तालुक्याला कुठेतरी एखादा दगड असतो, त्यावर महायुद्धाला गेलेल्यांची संख्या नाहीतर नावं कोरलेली असतात. त्यातलं एक नाव उचला. हा माणूस कोण, कुठे गेला, का गेला, त्याच्या घरचे आज काय सांगतात, आणि ज्यांच्याविरुद्ध तो लढला ते काय सांगतात? ग्रामपंचायत, सैनिक बोर्ड, म्हातारी माणसं, सगळीकडे विचारा. पुढच्या वर्षीच्या अंकासाठी आठ-दहा जणांनी असे आठ-दहा लेख दिले तर आपल्या मराठी विभागाला 'मैत्री', 'पाऊस' आणि 'पहिलं प्रेम' यांच्यातून तरी थोडी सुटका मिळेल! मी माझं नाव निवडलंय. कुणाला बरोबर यायचं असेल तर मेकॅनिकलच्या कट्ट्यावर भेटा.

फक्त एक अट. जीटी चालणार नाही.